बाण कोणाचा?

एका राज्यात, जिथे डोंगर ओंजळीसारखे जुळले होते आणि त्या ओंजळीत एक अथांग सरोवर होते, तिथे वर्षातून एकदा आकाश दोन ठिकाणी उजळत असे. एकदा वर आणि एकदा पाण्यात. त्या दिवसाला तेजोत्सव म्हणत. अवसेच्या तिन्हीसांजा झाल्या की सारे नगर होड्यांत बसून सरोवरात उतरे. काठावर उरत ते फक्त आजारी आणि आळशी. आजाऱ्यांनाही खाटेसकट होडीत घालून नेत, तेव्हा उरले कोण ते तुम्हीच ओळखा.

सरोवराच्या मधोमध एक बेट होते. तिथे आतषबाजांची घराणी राहत. सोरा, गंधक आणि कोळसा कुटावा, कागदाच्या नळ्या खळीने चिकटवाव्या, वर्षभर राबावे आणि त्या एका संध्याकाळी सगळे आकाशात उधळून द्यावे, हा त्यांचा संसार. त्यांच्या एका बाणातून मोर निघे, पिसारा फुलवी आणि नाचता नाचता विझे. दुसऱ्यातून हत्ती निघे, तोही अंबारीसकट. होडीतली माणसे चिवडा खात खात ते पाहत. त्यांना त्याचे नवल नव्हते. त्यांना अभिमान होता तो पुकाऱ्याचा.

पुकारा म्हणजे असा. बाण फुटला की राजनौकेचा तांडेल सुकाणूवर उभा राहून विचारी, "कोणाचा?" आणि चहूकडच्या होड्यांतून एकच गर्जना उठे, "धोंडाईचा!" किंवा "सटवाजीचा!" ज्याने बाण केला त्याचेच नाव. बेटावर काजळल्या तोंडाने उभा असलेला तो आतषबाज ते ऐके आणि वर्षभराचे श्रम विसरून जाई. राजाने दिलेली पगडी तो पेटीत ठेवी, पण पुकारा मात्र नातवंडांना सांगे.

त्या राज्यावर सिंधुकेतू नावाचा राजा होता. राजा वाईट नव्हता हो. प्रजेला पोटाशी धरणारा, तलवारीला तिखट, मनाने मोकळा. पण तोंडपुज्यांनी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवून ठेवले होते, आणि त्या झाडावरून पडायला वेळ लागत नाही.

एका तेजोत्सवाला शेजारचा राजा पाहुणा आला. राजनौकेच्या गादीवर लोडाला टेकून तो सारी आतषबाजी पाहत होता. मोर झाला, हत्ती झाला, पुकारे झाले. पाहुण्याने मिशीत हसून विचारले, "सिंधुकेतू, इथे सगळेच प्रजेचे दिसते. तुमचे काय?"

तो बोल राजाच्या जिव्हारी लागला. तेवढ्यात शेवटचा बाण सुटला. तो असे भस्मनाथाचा. भस्मनाथ हा मांत्रिक. डोंगरमाथ्यावर एकटाच राही आणि वर्षातून एकच बाण करी. त्या बाणातून आकाशभर सोन्याचे झाड उगवले. त्याला पाने फुटली, बहर आला आणि त्यातून पाखरे उडाली. हिरोजी तांडेलाने छाती भरून विचारले, "कोणाचा?"

आणि लोक तोंड उघडणार एवढ्यात राजा उभा राहिला. हात वर करून ओरडला, "माझा! या राज्यातला प्रत्येक बाण माझा!"

तोंडपुजे लगेच गरजले, "महाराजांचा!" होड्यांतली भाबडी माणसे एकमेकांकडे पाहू लागली. राजाचा शब्द खाली कसा पडू द्यावा? म्हणून तीही ओरडली, "महाराजांचा!" चूक राजाची होती, पण गर्जना साऱ्यांची होती, हे मला सांगायलाच हवे.

बाण सोडायला बेटावर आलेला भस्मनाथ तिथून निघाला आणि पाण्यावरून चालत राजनौकेपाशी आला. त्याची दाढी अजून धुमसत होती. तो म्हणाला, "राजा, माझा म्हणालास. मग घे तुझा."

त्याने बोट उचलले. सोन्याच्या झाडाची पाने खाली येता येता थबकली, वळली आणि राजाच्या अंगावर येऊन बसली. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच राजाची राख झाली. पुतळा मात्र तसाच उभा राहिला. हात वर, तोंड अर्धे उघडे, डोळे आकाशाकडे.

भस्मनाथ म्हणाला, "ज्या तोंडाने माझा म्हटलेस, त्याच तोंडातून दुसऱ्याचे नाव अभिमानाने निघेल, तेव्हा तू पुन्हा माणसात येशील. तोवर या राज्यात बाण फुटतील, पण दिसणार नाहीत. आणि पुढच्या तेजोत्सवाचा शेवटचा बाण विझला की वारा तुला घेऊन जाईल."

राजाची एकुलती एक कन्या कनकलेखा पुढे झाली. आईवेगळी पोर, बापाने तळहातावर वाढवलेली. ती म्हणाली, "राखेचा पुतळा बोलेल कसा?"

"मी शाप देतो आणि उःशाप सांगतो," भस्मनाथ म्हणाला. "वाट दाखवणे माझे काम नव्हे." आणि तो आला तसा निघून गेला. पाहुणा राजाही चपला हातात घेऊन गेला.

राजाला राजवाड्यात न्यावे तर हात लावताच राख झडे. म्हणून राजनौका एका शांत खाडीत बांधली आणि भोवती पडदे लावले. हिरोजी तांडेल वाऱ्याच्या बाजूला आपली घोंगडी धरून बसला तो बसलाच. लोक म्हणत, "हिरोजी, घरी जा." तो म्हणे, "वारं घरी गेलं की म्या बी जाईन."

कनकलेखा नौकेच्या टोकावर बसून रडत होती. तिथे एक खंड्या पक्षी मासे टिपायला येत असे. निळ्या पाठीचा, लांब चोचीचा आणि चोचीहून तिखट जिभेचा.

खंड्या म्हणाला, "राजकन्ये, सरोवरात पाणी कमी आहे का, की तू भर घालतेस?"

"थट्टा करू नकोस. राख बोलेल का, ते सांग."

"बोलेल. माणूस स्वतःहून मोठे असे काही पाहतो ना, तेव्हा त्याचे तोंड आपोआप उघडते. तसा बाण आकाशात फुटला पाहिजे."

"पण इथले बाण आता दिसतच नाहीत."

"इथली आग मेली. शाप न लागलेल्या तीन ठिणग्या आण. तांबडी राक्षसिणीच्या चुलीत आहे, हिरवी नागाच्या फण्याखाली आणि सोनेरी तुझ्या वैऱ्याच्या झोळीत. आणि एक लक्षात ठेव. चोरून आणलेली ठिणगी वाटेतच विझते."

कनकलेखेने तीन करवंट्या पदरात बांधल्या, हिरोजीच्या पाया पडली आणि निघाली. खंड्या पुढे उडू लागला.

धुराच्या डोंगरावर एक राक्षसीण राहत होती. तिची चूल म्हणजे डोंगराचेच तोंड. त्यावर ती गाडीच्या चाकाएवढ्या भाकरी भाजी. डोंगराखालची गावे त्या भाकरी रात्री पळवून नेत आणि सकाळी तिच्याच नावाने बोटे मोडत. राजकन्येला पाहून राक्षसीण गरजली, "कोन गं तू? भाकर चोराया आलीस?"

"भूक लागली आहे. द्याल तर खाईन."

राक्षसिणीला असे कुणी मागितलेच नव्हते. तिने एक पापुद्रा मोडून पुढे केला. कनकलेखेने पहिला घास घेतला. भाकरी अशी खरपूस, अशी गोड की तिला आपले घर आठवले, आणि सवयीने तिच्या तोंडून निघून गेले, "वा! कोणाची?"

"म्हंजे?"

"भाकरी कोणाची? करणारीचे नाव काय? आमच्याकडे नाव पुकारल्याशिवाय चांगल्या गोष्टीला हात लावत नाहीत."

राक्षसीण खाली बसली. ती बसल्यावर दोन कडे ढासळले. ती हळूच म्हणाली, "नाजुका."

खंड्या हसता हसता फांदीवरून पडला. पण राजकन्या उभी राहिली आणि डोंगराखालच्या साऱ्या गावांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "भाकरी नाजुकाबाईंची!" राक्षसिणीच्या डोळ्यांतून घागरीएवढे थेंब पडले. तिने स्वतःच्या हाताने चुलीतली तांबडी ठिणगी करवंटीत घातली आणि वाटेसाठी दोन भाकरी दिल्या. त्या बैलगाडीतून न्याव्या लागल्या.

दुसरी वाट एका उजाड नगरात गेली. तिथे जमिनीखाली शापित खजिना होता आणि त्यावर नाग बसला होता. भुयाराच्या तोंडाशी दगड झालेले राजेच राजे उभे होते. नागाने फणा उभारून विचारले, "हा खजिना कोणाचा? चुकीचे उत्तर दिलेस तर यांच्या रांगेत उभी राहशील."

खंड्या कानाशी कुजबुजला, "या साऱ्यांनी माझा म्हटले होते."

कनकलेखेने मशाल उचलून दागिने पाहिले. एका कंठ्यावर मोहरेएवढी मैना होती आणि तिच्या चोचीत तांदळाएवढे डाळिंब. ते पाहून ती भय विसरली. म्हणाली, "ज्यांनी हे घडवले त्यांचा. त्यांची नावे मला माहीत नाहीत. तुम्हाला माहीत असतील तर सांगा, मी पुकारीन."

नागाचा फणा खाली आला. तो म्हणाला, "हे नगर बुडाले तेव्हा सोने मागे राहिले आणि नावे विरली. मी सोन्याला राखत नाही, मुली. मी नावांना राखतो. विचारणारी तू पहिलीच."

मग तो सांगू लागला. कंठा येसूचा. पैंजण सोमा जडावकाराचे. मुकुट हरबा आणि त्याच्या मुक्या बहिणीचा. तो सांगत गेला आणि ती पुकारत गेली. दिवेलागणीपर्यंत तिचा घसा बसला. दगडाचे राजे एकेक करून जागे झाले आणि खाली माना घालून आपापल्या घरी गेले. नागाने फण्याखालची हिरवी ठिणगी स्वतःच करवंटीत ठेवली.

तिसरी वाट भस्मनाथाच्या दारात गेली. तो उंबऱ्यावर बसला होता. त्याच्या मांडीवर एक बाण होता. पाहताक्षणी कळावे की यातून सोन्याचे झाड उगवणार.

"तुला काय हवे ते मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "हा बाण घे. असा मी आजवर केला नाही. आपण केला म्हणून सांग. तुझ्या बापाचे तोंड नक्की उघडेल, तुझे नाव निघेल आणि शाप सुटेल."

तेजोत्सव तोंडावर आला होता. कनकलेखेने हात पुढे केला. खरेच केला, खोटे कशाला सांगू? बापाचा जीव पणाला लागला असता कुणीही केला असता. बोटे बाणाला लागली आणि तिला वर्षापूर्वीची ती गर्जना ऐकू आली. तिने हात मागे घेतला.

"हा बाण तुमचा आहे. याचा पुकारा तुमच्या नावाचा व्हायला हवा. मागचाही राहिलाय. मला फक्त एक ठिणगी द्या. बाण मी करीन."

"तुला येतो?"

"नाही."

भस्मनाथाने मांडीवरचा बाण बाजूला ठेवला. मग झोळीत हात घालून त्याने सोनेरी ठिणगी काढली. एवढेच म्हणाला, "खळ पातळ ठेवू नकोस."

बेटावर धोंडाई आतषबाजीण सर्वांत जाणती. राजकन्या तिच्यापुढे जाऊन बसली. धोंडाईने तिला राजकन्या म्हणून पाट दिला नाही की सूट दिली नाही. पहिली नळी फाटली. धोंडाई म्हणाली, "पुन्यांदा." दुसरी जागीच भसकन पेटली आणि राजकन्येच्या भुवया गेल्या. धोंडाई म्हणाली, "भिवया येतील परत. पुन्यांदा." राजकन्येचे हात काळे झाले, नखांत गंधक बसले, केसांना सोऱ्याचा वास लागला. अखेर एक बाण झाला. थोडा वाकडाच. धोंडाईने तो हातात घेऊन फिरवला आणि खाली ठेवला. वाईट म्हणाली नाही. ज्यांना धोंडाई माहीत होती, त्यांना ते पुरेसे होते.

तेजोत्सवाची तिन्हीसांज झाली. हिरोजीने राजनौका खाडीतून बाहेर काढली. बेटावर लेक काय करते आहे, ते तो राजाच्या कानाशी रोज सांगत आला होता. वर्षभराच्या वाऱ्याने राजा निम्मा झिजला होता. कानाच्या पाळ्या गेल्या होत्या, खांदे उतरले होते. तरी हात अजून वर होता आणि डोळे अजून आकाशाकडे. मागोमाग साऱ्या नगराच्या होड्या निघाल्या. चिवड्याचे डबे कुणी उघडले नाहीत. वल्ह्यांच्या आवाजाखेरीज कशाचा आवाज नव्हता.

बेटावरून पहिला बाण सुटला. सूं करून वर गेला, धडाड करून फुटला, आणि दिसले काहीच नाही. काळ्या आकाशात काळेच काहीतरी फुलले आणि गेले.

लोकांनी माना खाली घातल्या. तेव्हा हिरोजी सुकाणूवर उभा राहिला आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "कोणाचा?"

माना खालीच राहिल्या.

"अरं, दिसंना म्हून काय झालं? क्येला न्हवं कुनीतरी? कोणाचा?"

दूरच्या एका होडीतून एका म्हातारीचा आवाज आला, "सटवाजीचा." मग दुसऱ्या होडीतून, मग दहा होड्यांतून, मग साऱ्या सरोवरातून, "सटवाजीचा!" पुढचा काळा बाण फुटला. "धोंडाईचा!" त्यापुढचा. "गिरजेचा!" त्या संध्याकाळी त्या लोकांनी न दिसणाऱ्या प्रत्येक बाणाचा पुकारा केला. असले लोक ज्या राज्यात आहेत त्या राज्याचा मला फार अभिमान वाटतो, आणि तो मी लपवणार नाही.

मग बेटावर भुवया नसलेली एक मुलगी पुढे आली आणि तिने वातीला आग लावली.

बाण सरळ गेला नाही. डावीकडे झुकत, हेलकावे खात वर चढला. खंड्याने पंखात डोळे झाकले. बाण फुटला आणि आकाशात तांबडा गोल पसरला, चुलीच्या तोंडासारखा. वर्षभर रंग न पाहिलेल्या माणसांनी श्वास आत ओढला. तांबड्यातून हिरव्या वेली फुटल्या आणि त्यांना नागमोडी कळ्या आल्या. मग सगळे विझले.

"गेला," कुणीतरी म्हणाले. नौकेवर वारा सुटला. हिरोजीने घोंगडी पसरली, पण राजाच्या बोटांची टोके उडालीच.

तेवढ्यात अंधाराच्या अगदी मधून सोनेरी अंकुर निघाला. त्याचे झाड झाले. झाड एका बाजूला कललेले, एक फांदी मोठी, एक आखूड. भस्मनाथाच्या झाडाची सर त्याला नव्हती. पण ते वाढतच गेले, होड्यांवर वाकले, आणि तेच झाड पाण्यातूनही वर आले. त्या दोन झाडांच्या मधोमध सारे नगर तरंगू लागले.

हिरोजीचा आवाज फाटला होता. त्याने विचारले, "कोणाचा?"

उत्तर साऱ्यांना ठाऊक होते. कुणीही दिले नाही. लहान पोरांनी तोंडावर हात दाबून धरले. सारे सरोवर राखेच्या एका तोंडाकडे पाहत राहिले.

राखेच्या गालावर एक तडा गेला. ओठ हलले. आतून, खोल चुलीतून यावा तसा घोगरा आवाज आला, "मा..."

लोकांनी होड्यांच्या कडा घट्ट धरल्या. पुन्हा तेच?

"माझ्..."

बेटाच्या टोकाला उभ्या असलेल्या भस्मनाथाने डोळे मिटले. हिरोजीच्या हातातून घोंगडी गळून पडली. वारा आला.

"माझ्या लेकीचा!" राजा ओरडला. "माझ्या कनकलेखेचा! तिने स्वतःच्या हाताने केला! पाहा रे, सगळे पाहा!"

राखेची खपली पडली आणि आत हाडामांसाचा राजा उभा होता. डोळ्यांतून धारा, हात अजून वरच. पण आता तो आकाशातल्या झाडाकडे बोट दाखवीत होता. मग साऱ्या होड्या गर्जल्या, "कनकलेखेचा!" त्या गर्जनेने पाणी काठावर चढले आणि आळशांचे पाय भिजले.

राजकन्या होडीतून राजनौकेवर आली. राजाने तिचे काळे हात आपल्या हातांत घेतले. "बाळे, भुवया कुठे गेल्या?"

"येतील परत, आबासाहेब. आधी तांबडा रंग पुकारा. तो नाजुकाबाईंचा. हिरवा येसूचा, सोमाचा, हरबाचा आणि त्याच्या बहिणीचा. आणि बाण करायला मला धोंडाईने शिकवले."

राजाने सारी नावे पुकारली, एकही गाळले नाही. दूर धुराच्या डोंगरावर कुणीतरी लाजले आणि दोन कडे आणखी ढासळले. त्या संध्याकाळचे काळे बाण आकाशात एकेक करून उजळले. मोर, हत्ती, साऱ्यांचे राहिलेले रंग परत आले.

शेवटी पाण्यावरून चालत भस्मनाथ आला. त्याने न बोलता आपला बाण राजापुढे धरला. राजाने स्वतः वात पेटवली. सोन्याचे झाड उगवले, पाने फुटली, पाखरे उडाली. हिरोजीने विचारायच्या आधीच राजाने डोक्यावरचा मुकुट काढून हातात घेतला आणि साऱ्या सरोवराला ऐकू जाईल असे म्हणाला, "भस्मनाथांचा. आणि मागच्या वर्षीचाही."

मांत्रिक कधी रडत नाहीत. धुमसत्या दाढीवर पाणी पडून चर्र झाले, ते सरोवराचे असेल.

जाता जाता त्याने मागे वळून विचारले, "राजा, पहिला शब्द तरी 'माझ्या' असाच निघाला की रे?"

राजाने लेकीच्या खांद्यावर हात ठेवला आणि ताठ उभा राहिला. "नाथा, तेवढे मात्र माझेच."

"तेवढे चालते," भस्मनाथ म्हणाला. आणि त्या राज्यात त्याला हसताना लोकांनी पहिल्यांदा पाहिले.

हिरोजीने घोंगडी झटकून खांद्यावर टाकली आणि नौका घराकडे वळवली. होड्यांत चिवड्याचे डबे उघडले. ज्याचे नाव त्याला मिळाले, ज्याची लेक त्याला मिळाली. आता ही कहाणी कोणाची म्हणून विचाराल, तर ज्यांचे पुकारे तुम्ही ऐकलेत त्यांची. मी नुसते वल्हे मारले. काठ आला, जपून उतरा.